सूर्यास्ताची सूचना

१ डिसेंबर २०२५, सोमवार. मस्कत.

दिवसाकाठी पंधरा मिनिटे लिहिण्याची परवानगी आजपासून मिळाली. गुरुवारी डाव्या डोळ्याच्या पडद्याची शस्त्रक्रिया झाली. डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडला आहे. तो पडद्याला जागच्या जागी दाबून धरतो आणि सहा ते आठ आठवड्यांत आपोआप विरतो. तोपर्यंत विमानप्रवास वर्ज्य. उंचीवर बुडबुडा फुगतो आणि डोळा कायमचा जातो. हे डॉक्टरांनी दोनदा सांगितले व मी दोनदा लिहून घेतले.

निपाणीहून आप्पांचा तक्ता वेळेवर आला. आप्पा, म्हणजे माझे वडील कलगोंडा पाटील, वय चौऱ्याऐंशी, दोन वर्षांपासून निपाणीबाहेरच्या सन्मती वृद्धनिवासात राहतात. बोरगावचे घर एकट्याला झेपेना, मुलीच्या घरी राहणे त्यांना पटेना आणि मस्कतला यायला ते तयार नव्हते. तक्ता माझ्या आखणीचा आहे. अकरा रकाने. सकाळचे दूध दिले का, गोळी दिली का, सायंकाळचे भोजन दिले का, अशा प्रकारचे. त्यांची देखभाल करणारे रवळू रोज सायंकाळी सहाच्या आत तो भरून पाठवतात. आजही अकराच्या अकरा खुणा आहेत.

दिवाळीच्या रजेत आणखी एक व्यवस्था लावून आलो. आप्पा साठ वर्षे सूर्यास्तानंतर अन्नपाणी घेत नाहीत. मोतीबिंदूमुळे उजेडाचा अंदाज येईना, तेव्हा संध्याकाळ झाली की येणाऱ्या-जाणाऱ्याला ‘सूर्य बुडाला काय?’ विचारत बसायचे. एकदा कोणीतरी चुकीचे सांगितले. पाणी सूर्यास्तानंतर प्याल्याचे कळताच दुसऱ्या दिवशी त्यांनी कडक उपवास केला. म्हणून त्यांच्या खोलीत एक जुना फोन भिंतीला बसवला. त्यात पंचांगाचे अॅप आहे. सूर्यास्ताच्या मिनिटाला माझ्याच आवाजात सूचना वाजते: ‘आप्पा, सूर्यास्त झाला. आता काही घेऊ नका.’ खाते माझ्या फोनशी जोडलेले आहे, त्यामुळे इथूनही लक्ष ठेवता येते.

बुडबुडा पडद्याला टेकलेला राहावा म्हणून डॉक्टरांनी पालथे पडायला सांगितले आहे; काल तसा पडलेलो असताना फोनवर ठिकाणाविषयी काही विचारणा आली होती. अक्षरे पोहत होती. ‘होय’ दाबले. अशा विचारणा रोजच येतात.

४ डिसेंबर, गुरुवार.

आप्पांशी बोललो. रवळूंच्या फोनवरून सकाळी अकराला बोलायचे, असे ठरले आहे. डोळ्याचे त्यांना सांगितलेले नाही.

‘आप्पा, संध्याकाळचं सगळं येळंवर चाललंय न्हवं?’

‘तू सांगतोस तसं करतोय बघ.’

‘मी?’

‘व्हय की. रोज सांगतोस न्हवं.’

सूचनेविषयी म्हणाले. व्यवस्था त्यांना मानवली, याचे समाधान वाटले. आवाज जरा खोल वाटला. फोनचा दोष असावा.

७ डिसेंबर, रविवार.

डाव्या डोळ्यात आता एक आडवी रेषा दिसते. रेषेच्या वर थोडे स्वच्छ, खाली धुरकट. बुडबुडा जसा लहान होईल तशी ती खाली सरकणार. भिंतीवरच्या फरश्यांच्या आधाराने मी ती रोज सकाळी मोजतो. त्रिशला, माझी पत्नी, म्हणाली, ‘अहो, तिला तिच्या मनानं उतरू द्या की. मोजली म्हणून घाई करणार हाय होय ती?’

तक्ता व्यवस्थित.

८ डिसेंबर, सोमवार.

वृद्धनिवासाच्या प्रमुख परिचारिका तेजस्वी यांचा सकाळी सव्वानऊला फोन आला. त्या बेळगावच्या, शहापूरच्या आहेत. एरवी घाबरून बोलत नाहीत. आज आधी माझ्या डोळ्याची चौकशी केली. त्यावरूनच बातमी बरी नाही, हे मी ओळखले.

‘सर, आप्पा आज पहाटेपासून सगळ्यांच्या खाटांजवळ जाऊन चादरींचे कोपरे बोटांत चोळून बघताहेत. वास घेताहेत. मी विचारलं तर म्हणाले, ह्यो माल ओला हाय, वखारीत ठेवू नको, उबंल.’

आप्पा चाळीस वर्षे निपाणीच्या एका वखारीत तंबाखूची प्रतवारी करत. पान चोळून, हुंगून त्याचे शेत कोणते ते सांगत. पण ती वखार बंद होऊन एकवीस वर्षे झाली.

‘झोपेतून उठल्यामुळे असेल,’ मी म्हणालो.

‘उठून चार तास झाले, सर.’

आठवड्याचे सात तक्ते काढून पुन्हा तपासले. एकही खूण रिकामी नाही. काही चुकलेले नाही. मग हे कशामुळे?

९ डिसेंबर, मंगळवार.

वृद्धनिवासात तपासणीला येणाऱ्या डॉक्टरांशी अठरा मिनिटे बोललो. त्यांच्या म्हणण्याचा सारांश: गोंधळ अचानक सुरू झाला असेल तर शरीरात काहीतरी बिघडले असण्याची शक्यता आहे, रक्त तपासू. पण वय पाहता विस्मरणाचा आजार उघड झाला असेल, हेही नाकारता येत नाही. रक्त घेणारा गुरुवारी येतो, अहवाल शनिवारी मिळेल.

त्यानंतर व्यवस्थापकांचा फोन. भाषा नम्र, मुद्दा स्पष्ट. आप्पा काल दोनदा फाटकापर्यंत गेले. रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या धावतात. अशा रहिवाशांना सांभाळण्याची सोय त्यांच्याकडे नाही. बेळगावला बंद दाराचा विभाग असलेली एक संस्था आहे. तिथे शांत ठेवणारी औषधेही देतात. संमतिपत्र मेलवर पाठवले आहे. शुक्रवारपर्यंत सही हवी, सोमवारी हलवतील.

नेत्रतज्ज्ञांना फोन करून विचारले की अपवाद म्हणून एकदा विमानाने गेलो तर? ते म्हणाले, ‘तुम्हाला डोळा हवा आहे की नाही, एवढंच सांगा.’

बुडबुडा विरायला किती दिवस उरले, याचा दोनदा हिशेब करून पाहिला. जहाजाने किती दिवस लागतील, हेही पाहिले. त्रिशला म्हणाली, मी जाते. पण मला डोळ्यात दिवसातून सहा वेळा थेंब घालावे लागतात आणि माझा हात चुकतो. तिकीट काढू की नको, याचा निर्णय आज झाला नाही.

१० डिसेंबर, बुधवार.

आज मी चुकीचे वागलो. कसे वागायला हवे होते, हे अजून कळलेले नाही.

रवळूंनी व्हिडिओ कॉल लावून फोन आप्पांच्या हाती दिला. आप्पांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिले. ओठ सुकलेले होते.

‘मष्णू, ताडपत्री घातलीस काय रं?’

मष्णू म्हणजे वखारीत गाडी हाकणारे गृहस्थ. मी लहान असतानाच ते वारले.

‘आप्पा, मी गोमटेश. मस्कतहून बोलतोय. आज दहा डिसेंबर, बुधवार. वखार दोन हजार चार साली बंद झाली.’

आप्पांचा चेहरा पडला. ‘बंद झाली? मग मानसं कुठं गेली?’

‘आपापल्या घरी.’

‘मला कुनी सांगितलं न्हाय.’ मग रवळूंकडे वळून कन्नडमध्ये काहीतरी पुटपुटले. सदलग्याला आजोळी ते कन्नडमध्येच वाढले. पण माझ्याशी कधी त्या भाषेत बोलले नाहीत. रवळू पाण्याचा पेला पुढे करत होते आणि आप्पा हाताने तो मागे सारत म्हणत होते, ‘नीर ब्याड, नीर ब्याड.’ पाणी नको.

फोन ठेवल्यावर त्रिशला म्हणाली, ‘ताडपत्री घातली म्हणायला काय झालं असतं?’

‘ते खोटं ठरलं असतं.’

‘व्हय. आणि ते निवांत झोपले असते.’

तारीख सांगितली की माणूस जागेवर येतो, असे मला वाटले होते. का वाटले होते, ते आता सांगता येत नाही.

११ डिसेंबर, गुरुवार.

नवा तक्ता तयार केला. सत्तावीस रकाने. एका डोळ्याने करायला तीन तास लागले. रवळूंनी तो पाहून आवाजी संदेश पाठवला: ‘साहेब, एवढं भरायला बसलो तर आप्पांस्नी बघणार कोण?’ उद्धट वाटले. नंतर पुन्हा ऐकले, उद्धट नव्हते. रवळू खानापूरकडचे, वय बावन्न. पूर्वी वीटभट्टीवर होते. आप्पांना आंघोळ घालताना गाणे म्हणतात, असे तेजस्वींनी एकदा सांगितले होते. त्या बाबीसाठी रकाना नाही.

दुपारी तेजस्वींनी एक प्रश्न विचारला. शब्द शोधत विचारला.

‘सर, राग मानू नका. आप्पांनी काही नियम घेतलाय का? अन्नपाणी कमी करत जाण्याचा? तुमच्यात मोठी माणसं घेतात, असं ऐकलंय. ते पाणी फारच कमी पितात हल्ली.’

सल्लेखनेचा, म्हणजे अन्नपाणी क्रमाने सोडत देह ठेवण्याच्या आम्हा जैनांच्या व्रताचा, विचार माझ्या मनात आला नव्हता. तो नियम असेल तर अडवणारा मी कोण? आणि नसेल आणि मी अडवले नाही तर?

सदलग्याला आक्काला, म्हणजे थोरली बहीण कांता हिला, फोन लावला. ती रागावली.

‘शाणा हायस का गोमटेश? तसला नियम कुनी गुपचूप घेतंय होय? महाराजांच्या म्होरं, चार मानसांत, घरच्यांना इचारून घेत्यात. आप्पांनी मला फोन केला असता. पंधरा दिसांमागं चकली धाड म्हनलं होतं त्यांनी मला. चकली मागनारा मानूस समाधीला बसतोय?’

‘मग पाणी का नको म्हणतात?’

‘ते मला ठावं न्हाय. तूच हायस न्हवं तक्ता आखनारा, तूच सांग.’

आक्काचे गुडघे गेले आहेत. चार महिन्यांत ती आप्पांकडे गेलेली नाही. हे मी तिला बोलून दाखवले. बोलायला नको होते.

१२ डिसेंबर, शुक्रवार.

संमतिपत्रावर सही केली. स्कॅन करून दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी पाठवले.

कारणे लिहून ठेवतो. एक, आप्पा आज पुन्हा रस्त्यावर गेले. ट्रॉली कडेने गेली. दोन, मी जाऊ शकत नाही. तीन, व्यवस्थापक वाट पाहायला तयार नाहीत. चार, डॉक्टरांनी विस्मरणाची शक्यता नाकारलेली नाही. चारही कारणे खरी आहेत. तरीही सही माझ्या नेहमीच्या सहीसारखी आली नाही, आणि ती डोळ्यामुळे तशी आली, असे त्रिशलाला सांगितले.

संध्याकाळी आक्काचा फोन आला. ती उद्या दुपारच्या गाडीने निपाणीला जाते आहे. ‘त्यांचे कपडे कोन भरनार? बाहेरच्या मानसानं भरायचे व्हय? सोमवारपतूर मी तिथंच र्‍हाते.’ गुडघ्यांचे काय, असे विचारले. ‘गुडघं संगंच येत्यात,’ म्हणाली.

१३ डिसेंबर, शनिवार.

आज जे घडले ते क्रमाने लिहितो. पंधरा मिनिटांची मर्यादा आज पाळणार नाही.

इथे दुपारी अडीच वाजता (तिथे चार) डॉक्टरांचा फोन आला. रक्ताचा अहवाल: सोडियम फार खाली गेले आहे, मूत्रपिंडावर पाणी कमी पडल्याचा ताण दिसतो. एवढ्यानेही माणूस पुरता भ्रमिष्ट होऊ शकतो, आणि भरून काढले तर परतही येऊ शकतो. रक्तदाबाची गोळी शरीरातले पाणी आणि मीठ बाहेर टाकते. ती त्यांनी थांबवली. मग विचारले, ‘संध्याकाळचं जेवण व्यवस्थित घेतात ना?’

मी म्हणालो, ‘घेतात. माझ्याकडे रोजची नोंद आहे.’

माझे हे उत्तर जसेच्या तसे इथे लिहून ठेवतो.

तिथल्या सव्वापाचला आक्काने व्हिडिओ कॉल लावला आणि फोन खिडकीच्या कठड्यावर टेकवला. खोलीत आप्पा खाटेवर बसलेले. आक्का कपड्यांच्या घड्या घालत होती. जैन रहिवाशांना तिथे साडेपाचला जेवण मिळते. तेव्हा जेवण होईपर्यंत बोलत राहू, असे तिने ठरवले होते.

‘आप्पा, चकल्या आनल्यात. ताटाबरूबर खावा,’ आक्का म्हणाली.

आप्पांनी तिला ओळखले की नाही ते कळले नाही, पण चकली बोटांत घेऊन चोळून पाहिली. आक्का हसली. ‘पानं न्हाईत हो ती. मोडशीला.’

तेवढ्यात माझा आवाज आला. मी बोललो नव्हतो. भिंतीवरच्या फोनमधून आला: ‘आप्पा, सूर्यास्त झाला. आता काही घेऊ नका.’

आप्पांनी चकली आक्काच्या हातात परत दिली. पेला पालथा घातला. हात जोडले, डोळे मिटले.

आक्का जागीच उभी राहिली. ‘गोमटेश, आरं हे काय बोलतंय? सूर्य तर वर हाय की अजून.’

‘आक्का, ते पंचांगाप्रमाणे बोलतं. डोळ्याला तसं वाटतं.’

‘डोळ्याला कसं वाटतंय? कॅलेंडरावर ऊन पडलंय. माझ्या पाठीला चटका बसतोय. मी काय आंधळी हाय?’

तिने फोन उचलून खिडकीबाहेर धरला. सूर्य नारळाच्या शेंड्याच्याही वर होता. माझ्या घड्याळात तीन वाजून एक्कावन्न मिनिटे झाली होती. तिथे पाच एकवीस. निपाणीला या दिवसांत सूर्य सहाला मावळतो. हे मला पाठ आहे.

साडेपाचला रवळू ताट घेऊन आले. आप्पांनी डोळे न उघडता ताटाकडे हात केला, आणि तो हात रवळूंच्या दिशेने वळवला. रोजचे असल्यासारखे. रवळू आक्काकडे पाहत दारातच थांबले.

मी फोनमधून विचारले, ‘रवळू, आप्पा संध्याकाळी जेवत नाहीत?’

‘न्हाय, साहेब.’

‘कधीपासून?’

‘झालं की बारा-तेरा दिस. ताट आनायच्या आदीच तुमचं घड्याळ बोलतंय.’

‘मग तक्त्यात रोज खूण कशी?’

‘तक्त्यात “भोजन दिले का” असं हाय. मी दिलं. खाल्लं का ते कुठं इचारलंय?’ मग त्यांनी उरलेलेही सांगून टाकले. ‘आप्पा म्हनायचे, अन्न म्हागारी न्हेऊ नको, तू खा. हात जोडायचे. मी खाल्लं, साहेब. खोटं कशाला बोलू.’

‘मला का सांगितलं नाही?’

‘मला वाटलं तुम्हीच सांगताय त्यांस्नी. आवाज तर तुमचाच हाय.’

आक्काने भिंतीवरचा फोन काढून उशीखाली घातला. आप्पांच्या शेजारी बसली, त्यांचा हात धरून खिडकीतून आलेल्या उन्हात नेऊन ठेवला आणि तसाच धरून ठेवला. बऱ्याच वेळाने आप्पा म्हणाले, ‘ऊन हाय व्हय?’

‘हाय, आप्पा. अर्धा तास हाय अजून. दोन घास खावा.’

त्यांनी चार घास भात खाल्ला. दोन पेले पाणी प्याले. दुसरा पेला संपेपर्यंत मी पाहत होतो.

१४ डिसेंबर, रविवार.

अॅपमध्ये ठिकाण मस्कत आहे. बदल झाल्याची तारीख ३० नोव्हेंबर. वेळ सकाळची, म्हणजे मी पालथा पडून होतो तेव्हाची. खाते एकच असल्याने भिंतीवरच्या फोनमध्येही मस्कतच्याच सूर्यास्ताची पाच एकवीसच्या आसपासची वेळ आली, आणि ती निपाणीच्या घड्याळाप्रमाणे वाजत राहिली. तेरा दिवस, रोज जवळजवळ चाळीस मिनिटे आधी. संध्याकाळचे जेवण आणि पाणी बुडत गेले, आणि गोंधळ वाढला तसे आप्पा दिवसाही पाणी नको म्हणू लागले, असे डॉक्टर म्हणाले.

आप्पांना काल सायंकाळीच निपाणीच्या दवाखान्यात दाखल केले. शिरेतून सलाइन सुरू आहे. तोंडाने काही घ्यायचे नसल्याने नियमाला बाध येत नाही, असे आक्काने त्यांना समजावले.

संमतिपत्र मागे घेण्याचा मेल पाठवला. तेजस्वी आणि व्यवस्थापकांसाठी खुलासा लिहिला: ‘अॅपमधील तांत्रिक बिघाडामुळे सूर्यास्ताची सूचना नियत वेळेआधी वाजत होती, असे निदर्शनास आले आहे.’ पाठवण्यापूर्वी त्रिशलाने मागे उभे राहून तो वाचला.

‘बिघाड?’

‘तसंच म्हणतात.’

‘“होय” अॅपनं दाबलं व्हय?’

खुलासा पुसला. नवा लिहिला. तीन वाक्ये झाली. तिसरे वाक्य ‘चूक माझी आहे, रवळूंना दोष देऊ नये’ असे आहे. पाठवले. तेजस्वींचे उत्तर लगेच आले: ‘सर, आम्हालाही दिसत होतं ऊन. आम्ही पण विचारलं नाही.’

रवळूंना मी स्वतंत्र फोन केला. काय बोलायचे ते कागदावर लिहून घेतले होते. त्यांनी पुरते बोलूच दिले नाही. ‘आप्पा बरे होऊ द्या, साहेब. मग भांडू.’

१७ डिसेंबर, बुधवार.

सोडियम बरेचसे भरून आले. डॉक्टर सावकाश भरतात. घाईने भरणे घातक असते, असे त्यांनी सांगितले. मी ते लिहून घेतले.

आप्पांनी आज आक्काला नावाने हाक मारली आणि दवाखान्याचा चहा पांचट आहे म्हणाले. आक्काने हे मला दोनदा सांगितले. मीही तिला दोनदा सांगायला लावले.

अधूनमधून वखार येते. सकाळी विचारले, मष्णू आला काय? आक्का म्हणाली, येतोय, वाटंत हाय. ते शांत झाले. डॉक्टर म्हणतात पूर्ण स्वच्छ व्हायला काही आठवडे लागतील. काही थोडे कदाचित राहील. किती, ते आज कोणालाच सांगता येणार नाही.

२० डिसेंबर, शनिवार.

आप्पा काल वृद्धनिवासात, आपल्या खोलीत परतले. व्यवस्थापकांनी महिनाभर पाहू, असे म्हटले आहे. आज अकराचा व्हिडिओ कॉल.

‘गोमटेश?’

‘व्हय, आप्पा.’

‘डोळ्याला काय झालंय तुझ्या? आक्का म्हनली.’

सांगितले. मग ज्यासाठी दोन दिवस शब्द जुळवत होतो तेही सांगितले. घड्याळ चुकीचे बोलत होते. चूक माझी होती. तुम्ही तेरा दिवस माझ्यामुळे संध्याकाळचे उपाशी राहिलात.

आप्पा थोडा वेळ चादरीचा कोपरा चोळत राहिले. आता ते पान म्हणून नव्हे, सवयीने, असे मला वाटले.

‘मला म्हाईत हुतं,’ ते म्हणाले.

‘काय?’

‘ऊन हाय ते. डोळ्यानं दिसत न्हाय, पर हाताला कळतंय की. पहिल्या दिशी हात धरला हुता उन्हात. गरम लागलं.’

‘मग जेवला का नाहीत, आप्पा?’

‘तू सांगितलंस न्हवं, बुडाला म्हनून.’ हे त्यांनी तक्रारीच्या सुरात म्हटले नाही. ‘म्हनलं, पोरगं चुकायचं न्हाय. माझाच हात म्हातारा झाला असंल.’

फोन त्रिशलाने घेतला आणि त्यांच्याशी चकलीविषयी बोलत राहिली.

२१ डिसेंबर, रविवार.

अॅप काढून टाकले. तक्ता बंद केला. त्याऐवजी रवळूंनी रोज जे सांगावेसे वाटेल ते एका आवाजी संदेशात सांगायचे, असे ठरले. आजचा संदेश दोन मिनिटांचा होता. आप्पांनी भाकरी खाल्ली, पलीकडच्या गृहस्थांशी उसाच्या जातीवरून वाद घातला आणि आंघोळीच्या वेळी गाणे बेसूर आहे म्हणून रवळूंना थांबवले. आवाजावरून रवळू खूश असावेत.

डोळ्यातली रेषा चौथ्या फरशीच्या खाली गेली आहे. आज मोजायचे विसरलो. हे आत्ता लिहिताना सहज दिसले.

२३ डिसेंबर, मंगळवार.

आता अकराऐवजी रोज तिथल्या पावणेसहाला फोन करतो. इथे तेव्हा सव्वाचार वाजलेले असतात. आप्पांचे जेवण झालेले असते, पेला हातात असतो. रवळू त्यांना खिडकीशी बसवतात. सूर्य कुठवर आला ते आप्पांनी मला सांगायचे, असा पायंडा पडला आहे. रवळू पाहतात, आप्पा हात उन्हात धरतात, आणि दोघांचे एकमत झाले की मला कळवतात. आज एकमत होत नव्हते.

‘झावळीत शिरला,’ रवळू म्हणाले.

‘न्हाय रं. हाताला लागतंय अजून.’

‘आप्पा, मला दिसतंय की.’

‘तुला लई दिसतंय. गप.’

मी ऐकत होतो. माझ्याजवळ त्या दिवसाचा निपाणीचा सूर्यास्त मिनिटासह लिहिलेला होता. मी तो सांगितला नाही.

शेवटचा पेला आप्पांनी सावकाश संपवला. थोड्या वेळाने हात मागे घेतला.

‘गेला बघ आता,’ म्हणाले. पेला पालथा घातला. हात जोडले. मग फोनकडे वळले.

‘तुझ्याकडं?’

मी खिडकीकडे पाहिले. समोरच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीवर, आमच्या टेबलाच्या अर्ध्या भागावर ऊन होते. मस्कतला आल्यापासून बावीस वर्षांत मी रात्री नवाच्या आत जेवलेलो नाही. हे आप्पांना माहीत आहे. त्यांनी कधी विचारले नाही.

‘हाय अजून, आप्पा.’

‘मग तेवढ्यात जेवून घे.’

त्रिशलाने माझ्याकडे पाहिले आणि सकाळच्या भाकऱ्या काढल्या. भूक नव्हती. टेबलाची उन्हाकडची बाजू धरून बसलो आणि जेवलो.